कामावर दुखापत झाली: वकील करायचा की नाही, हे कसं ठरवाल?

टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. हजेरी, रजा, ओव्हरटाइम आणि कुणाला लागलं-खुपलं की अपघाताचा फॉर्म, हे माझं काम. त्या फॉर्मात ‘अपघात कसा घडला’ असा एक रकाना असायचा, जेमतेम दोन ओळींचा. एकदा ड्रम पालथा करताना एका हेल्परच्या खांद्यात कळ आली आणि हात वर जाईना. सुपरवायझरने सांगितलं आणि मी उतरवलं: ‘उजवा खांदा दुखत असल्याची तक्रार केली.’ वाक्य खोटं नव्हतं. फक्त त्यातून ड्रम गायब होता. सहा महिन्यांनी ऑपरेशनची वेळ आली तेव्हा विमा कंपनीचं पत्र आलं, की ही वयोमानाने झालेली झीज आहे, कामावर काही घडल्याची नोंद नाही. मग त्या माणसाने वकील केला, आणि त्या वकिलाची पुढची वर्षभराची मेहनत म्हणजे त्या एका वाक्यात ड्रम परत आणणं.

तेव्हापासून कुणी ‘लागलंय, वकील करू का?’ असं विचारलं, की मी ‘किती लागलंय?’ असं विचारत नाही. मोडलेलं हाड मोठं वाटतं, पण त्याचा एक्स-रे असतो, ते कधी मोडलं हे चार लोकांनी पाहिलेलं असतं, त्यावरून सहसा कुणी भांडत नाही. खांदा, कंबर, कान यांची दुखणी दिसत नाहीत, आणि वाद तिथेच होतात. म्हणून मी दोनच प्रश्न विचारतो. समोरचा नेमकं काय नाकारतोय? आणि सहीसाठी तुमच्यापुढे कोणता कागद आलाय? वकिलाचा निर्णय जवळजवळ पूर्णपणे या दोन उत्तरांवर ठरतो.

आधी, ही भरपाई मुळात चालते कशी

एकोणिसाव्या शतकात जखमी कामगाराला मालकावर दावा लावून त्याची चूक सिद्ध करावी लागे. मालकाच्या वकिलाकडे तीन उत्तरं तयार असत: चूक तुझीच होती, किंवा तुझ्या सोबत्याची होती, किंवा धोका ठाऊक असूनच तू काम पत्करलंस. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८४ साली, ब्रिटनमध्ये १८९७ साली आणि भारतात १९२३ साली कायदे झाले आणि पाया बदलला. चूक कुणाची हे विचारायचं नाही. काम करताना, कामामुळे लागलं एवढं दिसलं की भरपाई द्यायची. त्या बदल्यात रक्कम ठरलेल्या सूत्राने निघते, आणि अनेक देशांत मालकावर वेगळा दावा लावता येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्या, कारण वकिलाकडे गेलेले निम्मे लोक इथेच चुकतात असं मला वाटतं. ‘सगळी चूक कंपनीची होती हो’ हे ते तासभर सांगतात, आणि जिथे चुकीचा प्रश्नच नाही तिथे त्या तासाचा उपयोग शून्य. अशा व्यवस्थेत वाद होतो तो मुख्यतः पाच गोष्टींवर: लागलं ते कामामुळे का, तुम्ही कायद्याने त्यांचे कामगार आहात का, अपंगत्व किती टक्के, हिशोबाला पगार किती धरायचा, आणि उपचार व रजा किती काळ. या पाचही गोष्टी समोरच्याने लेखी मान्य केल्या असतील तर उरतो तो गुणाकार. गुणाकारासाठी वकील लागत नाही.

पण सगळीकडे हीच व्यवस्था आहे असं धरून चालू नका. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघाताची भरपाई सरकारी योजनेतून मिळते आणि त्या नुकसानीसाठी दावा लावण्याची वाट जवळजवळ बंदच आहे. तिथे वकील लागतो तो योजनेने अर्ज नाकारला तर. ब्रिटनमध्ये सरकारी लाभ वेगळे आणि मालकाच्या निष्काळजीपणाबद्दलचा दावा वेगळा, तो मालकाच्या सक्तीच्या विम्यावर जातो, आणि तिथे ‘चूक कुणाची’ हा प्रश्न आजही जिवंत आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. टेक्सासमध्ये तर खासगी मालकाला या विम्यातून बाहेर राहण्याची मुभा आहे, आणि मालक बाहेर असेल तर निष्काळजीपणाचा दावाच लावावा लागतो. तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नये. भारतात कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर भरपाई त्या योजनेच्या महामंडळाकडून, मालकाकडून पुन्हा नाही; ईएसआयमध्ये नसेल तर मालकाकडून. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, त्यामुळे अपघात त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा हे सगळ्यात आधी पाहायचं.

आपण कोणत्या व्यवस्थेत बसतो हे कळलं की अर्धं काम झालं. पगाराच्या पावतीवर कसली कपात होते, नेमणुकीच्या पत्रात मालक म्हणून कुणाचं नाव आहे, विम्याचं कार्ड आहे का, एवढ्यावरून ते बहुतेक कळतं.

वकिलाच्या आधीची कामं

ही कामं वकील केला तरी तुम्हालाच करायची आहेत, आणि उशिरा केली तर वकिलालाही ती दुरुस्त करता येत नाहीत.

पहिलं काम: लेखी कळवा. ‘मी साहेबांना सांगितलं होतं’ या वाक्याचा पुरावा साहेबांच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असतो आणि ती अशा वेळी हमखास कमजोर होते. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये मालकाला कळवायची मुदत ३० दिवसांची आहे. तुमच्याकडे ती कितीही असो, त्याच दिवशी कळवणं उत्तम. साधा मेसेज किंवा ईमेल चालतो, पण त्यात चार गोष्टी हव्यात: कधी, कुठे, काय करताना, शरीराच्या कोणत्या भागाला. असा:

‘आज दुपारी सव्वातीनच्या सुमारास दोन नंबरच्या टाकीजवळ भरलेला ड्रम पालथा करताना माझ्या उजव्या खांद्यात कळ आली. तेव्हापासून हात खांद्याच्या वर जात नाही. मानेतही ओढ जाणवते. त्या वेळी सोबत दुसऱ्या शिफ्टचे दोघे हेल्पर होते.’

मानेतली ओढ मुद्दाम लिहिली आहे. ठळक दुखण्यापुढे बारीक दुखणं लोक सांगत नाहीत, आणि महिन्याभराने तेच मुख्य झालं की ‘हे तेव्हा का नाही सांगितलं?’ असा प्रश्न येतो. कुणाला दोष देऊ नका, स्वतःलाही देऊ नका. ‘माझ्याच घाईमुळे’ असे शब्द लोक संकोचाने लिहून जातात. जे घडलं तेवढंच लिहा.

दुसरं काम: डॉक्टरांच्या केस पेपरवर अपघाताचं वर्णन येऊ द्या. पुढे कुणीही डॉक्टर, विमा अधिकारी किंवा न्यायाधीश पहिला केस पेपर आधी उघडतो. त्यावर नुसतं ‘पडल्यामुळे वेदना’ असेल तर तुम्ही घरच्या मोरीतही पडला असाल. ‘कामावर, शिडीवरून, साधारण इतक्या उंचीवरून’ हे लिहून घ्या आणि निघण्यापूर्वी वाचून घ्या. डॉक्टर घाईत असले तरी विचारायला लाजू नका. आधीचं दुखणं लपवू नका. दहा वर्षांपूर्वी कंबर धरली होती हे तुम्ही सांगितलंत तर तो इतिहास होतो, त्यांनी शोधून काढलं तर तो खोटेपणा होतो. काही ठिकाणी डॉक्टरही ठरलेला असतो. जर्मनीत कामावरच्या अपघातासाठी अधिकृत नेमलेल्या डॉक्टरकडे जावं लागतं, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन भागत नाही.

तिसरं: पगाराचे कागद. भरपाई पगारावर मोजली जाते आणि कंपनीचा हिशोब अनेकदा मूळ पगारावर थांबतो. ओव्हरटाइम, भत्ते, नियमित मिळणारं इन्सेंटिव्ह धरायचं की नाही हे त्या त्या कायद्यावर आहे, पण तुमच्याकडे पावत्याच नसतील तर प्रश्नच उरत नाही. अपघाताच्या आधीच्या वर्षभराच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. कंपनीच्या पोर्टलवर असतील तर आजच डाउनलोड करा. नोकरी गेली की लॉगिनही जातं.

बाकीचं थोडक्यात. जागेचे फोटो त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी तेल पुसलेलं आणि जाळी बसवलेली असते. साक्षीदारांची नावं-नंबर, विशेषतः ठेक्यावरच्या लोकांचे. ठेका बदलला की ते पुन्हा भेटत नाहीत. एक साधी वही, रोज दोन ओळी: कोणतं काम जमलं नाही, कुठली गोळी घेतली, कुणाचा फोन आला.

आणि विमा कंपनीचा फोन आला, ‘आम्ही कॉल रेकॉर्ड करतोय’ असं सांगितलं, तर प्रश्न लेखी पाठवायला सांगा. माहिती द्यायचं बंधन अनेकदा असतं. फोनवर, त्याच क्षणी, गोळीच्या गुंगीत द्यायचं बंधन सहसा नसतं. ‘आता बरं आहे ना?’ याला आपण सवयीने ‘हो, बरं आहे’ म्हणतो. ते सवयीचं उत्तर नोंदीत उतरतं.

ज्यात वकील न केलेला बरा

बोट कापलं, चार टाके पडले, आठवड्याभराची रजा झाली, बिल विम्याने भरलं, रजेचे पैसे आले, तुम्ही पुन्हा त्याच कामावर, त्याच पगारावर. इथे वकील केलात तर जे मिळायचंच होतं त्यातून त्याची फी जाईल. पैसे यायला थोडा उशीर झाला, एखादं बिल अडकलं, फॉर्म परत आला, हेही वकिलाचं काम नाही. युनियनचा माणूस, एचआर, सरकारी कामगार कार्यालयातला मदत कक्ष, यांच्याकडे एक चक्कर आणि एक लेखी अर्ज एवढ्याने ते सुटतं. जर्मनीत सामाजिक विम्याचे वाद चालतात त्या सामाजिक न्यायालयात विमाधारकाला कोर्ट फी लागत नाही आणि खालच्या दोन पायऱ्यांवर वकील सक्तीचा नाही. युनियनचा सल्लागारही बाजू मांडू शकतो.

एकच पथ्य. ‘किरकोळ आहे’ हा शेरा डॉक्टरांनी मारायचा असतो, तुम्ही नाही. पाठीला लागलेला माणूस दोन आठवडे ‘जाईल’ म्हणत काढतो आणि तिसऱ्या आठवड्यात पायाला मुंग्या येतात. तोवर मुदत सरत आलेली असते.

ज्यात वकील हवाच

*दावा नाकारल्याचं पत्र आलं.* पत्रात कारण दिलेलं असतं आणि खाली दाद मागायची मुदत. आधी मुदत वाचा. जर्मनीत हरकत घ्यायला निर्णय मिळाल्यापासून एकच महिना असतो. कारण ‘कागद अपुरे’ असं असेल तर कागद तुम्ही स्वतः देऊ शकता. पण ‘दुखापत कामामुळे नाही’, ‘आधीपासूनचा आजार’, ‘सुरक्षेचा नियम मोडला’ किंवा ‘हा आमचा कामगारच नाही’ असं असेल तर त्याच आठवड्यात वकील गाठा. वकील अशा वेळी नेमकं काय करतो हे मी त्या ड्रमच्या प्रकरणात पाहिलं. त्याने भाषण केलं नाही. त्याने स्टोअरचं इश्यू रजिस्टर मागवलं. त्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दोन नंबरच्या टाकीसाठी भरलेला ड्रम दिल्याची नोंद होती, घेणाऱ्याची सही त्या हेल्परची. मग हजेरी: दुसऱ्या दिवसापासून गैरहजर. मग हाडांच्या डॉक्टरांचं लेखी मत, की झीज आधीची असली तरी स्नायू फाटायला वजनाचा झटका कारण झाला असणं जास्त शक्य. कोणता कागद कंपनीच्या कोणत्या कपाटात असतो हे कामगाराला माहीत असूनही तो सहसा मागून मिळत नाही. तो मागवायचा कसा हे वकिलाला ठाऊक असतं.

*दुखापत कायमची राहणार.* अपंगत्वाची टक्केवारी हा सगळ्यात महागडा आकडा. तो डॉक्टर ठरवतात, पण कोणत्या डॉक्टरांचा धरायचा यावर वाद होतो. कंपनीच्या डॉक्टरांनी १० लिहिले आणि तुमच्या डॉक्टरांनी ३० लिहिले तर मधला फरक आयुष्यभराचा असतो. शिवाय शरीराचं नुकसान आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करंगळीचं टोक गेलं तर हमालाचं काम चालू राहील, शिवणकाम करणाऱ्याचं कदाचित नाही. आपल्या कायद्यात यातली कोणती टक्केवारी धरतात, हे वकिलाला विचारायचं.

*पैसे चालू होते, अचानक थांबले.* किंवा ‘लाइट ड्यूटी’ देऊ केली आणि ती नावापुरतीच लाइट निघाली. नाकारली तर ‘कामाला नकार दिला’ म्हणून रजेचा पगार बंद होऊ शकतो, स्वीकारली तर दुखणं वाढतं. अशा वेळी तोंडी हो-नाही करण्याऐवजी डॉक्टरांकडून लेखी मर्यादा आणा: किती किलो, किती तास उभं राहणं, हात कुठवर. आणि सल्ला घ्या.

*तिसऱ्या कुणाची चूक.* मालकावर दावा लावता येत नसला तरी दुसऱ्यावर येऊ शकतो: मशीनचा उत्पादक, दुसऱ्या ठेकेदाराचा फोर्कलिफ्ट ड्रायव्हर, कामासाठी जाताना धडकलेल्या गाडीचा मालक. हे प्रकरण वेगळ्या कायद्याने, वेगळ्या मुदतीत चालतं, आणि त्यात वेदना-यातनांचेही पैसे मागता येऊ शकतात. अमेरिकेत तर त्या रकमेतून कामगार विमा कंपनी आपण दिलेले पैसे परत मागते, त्यामुळे दोन्ही हिशोब एकत्र पाहणारा माणूस लागतो. हे स्वतः करायच्या भानगडीत पडू नका.

*व्यावसायिक आजार.* सिलिकाची धूळ, ॲस्बेस्टॉस, वर्षानुवर्षं प्रेसचा आवाज. इथे अपघाताची तारीखच नसते. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग संपर्कानंतर काही दशकांनी उघड होतो. तोवर कंपनी बंद झालेली, मालक बदललेला. ब्रिटनमध्ये दाव्याची तीन वर्षांची मुदत आजार आणि त्याचं कारण कळल्यापासूनही मोजता येते; इतर ठिकाणी ती वेगळ्या तऱ्हेने मोजतात. ‘आता उशीर झाला’ हे स्वतःच ठरवून बसू नका.

*ठेकेदारी, रोजंदारी, ॲपवरची कामं.* ‘तो आमचा नाही, ठेकेदाराचा’ आणि ‘ठेकेदार म्हणतो, कंपनीला विचारा’. या फुटबॉलमध्ये महिने जातात. भारताच्या १९२३ च्या कायद्यातच अशी सोय होती की मुख्य मालकाकडून भरपाई घ्यावी आणि त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणजे कायदा तुमच्या बाजूने असू शकतो, पण ते सांगणारं पत्र वकिलाच्या लेटरहेडवर गेलं की फुटबॉल लवकर थांबतो.

मृत्यू, डोक्याला मार, किंवा तक्रार केल्यावर नोकरीवरून काढणं, यांत विचार करत बसू नये. कुटुंबातल्या कुणीतरी वकील गाठावा, बाकीच्यांनी कागद गोळा करावेत.

मधला रस्ता: एका भेटीचा वकील

वकील म्हणजे वकीलपत्र, कोर्ट आणि तारखांवर तारखा, असं आपल्या डोक्यात बसलंय. तसं नसतं. सल्ल्याची फी देऊन एक तास बसता येतं, कागद दाखवता येतात आणि पुढचं सगळं स्वतः करता येतं. कुंपणावर असलेल्यांना मी हेच सांगतो. त्या तासात तीन गोष्टी घेऊन या: शेवटची मुदत कोणत्या तारखेला संपते, कंपनीने केलेला हिशोब बरोबर आहे का, आणि कोणती गोष्ट घडली तर पुन्हा यायचं. अनेक देशांत कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी मोफत कायदेशीर मदतीची सरकारी यंत्रणा असते. भारतात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं आणि औद्योगिक कामगार त्या मदतीला कायद्यानेच पात्र आहेत.

फीचा हिशोब आधी कागदावर करा

फी कशी घेता येते हेही देशागणिक बदलतं. अमेरिकेत जिंकल्यास टक्केवारी हा रिवाज आहे, पण कामगार भरपाईत ती बहुतेक ठिकाणी न्यायाधीशाने मंजूर करावी लागते. न्यूयॉर्कमध्ये तर वकिलाने कामगाराकडून परस्पर पैसे घ्यायचेच नसतात. इंग्लंडमध्ये अशा दाव्यातली ‘सक्सेस फी’, म्हणजे जिंकल्यावर वकिलाला मिळणारी जादा फी, ठरावीक नुकसानभरपाईच्या २५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा मागणं वकिलाला मनाई आहे. तेव्हा हॉस्पिटलच्या दारात कुणी ‘आधी काही देऊ नका, मिळालं की इतके टक्के’ म्हणत भेटला, तर त्याच्याबद्दलची पहिली माहिती तुम्हाला तिथेच मिळाली.

टक्केवारी चालते तिथे असा हिशोब मांडा. कंपनी आज १०० द्यायला तयार आहे. वकील म्हणतो १३० मिळतील, फी २० टक्के. १३० चे २० टक्के म्हणजे २६, हातात उरले १०४, त्यातून डॉक्टरांच्या अहवालाचा खर्च गेला की तुम्ही शंभराच्याही खाली, आणि वर्ष गेलं ते वेगळं. हीच फी फक्त वाढीव ३० वर ठरली तर ६ जातात आणि १२४ उरतात. म्हणून ‘टक्केवारी किती’ याआधी ‘टक्केवारी कशावर’ हे विचारायचं. कंपनीचा प्रस्ताव आधीच लेखी हातात असेल तर ही बोलणी सोपी जातात. अहवाल, झेरॉक्स, प्रवास यांचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा, आणि हरलो तर तो कुणाच्या डोक्यावर, हेही तेव्हाच.

तडजोडीचा कागद

माझ्या मते सगळं मार्गदर्शन बाजूला ठेवून एकच गोष्ट पाळायची असेल तर ही: ‘यापुढे माझा कोणताही दावा राहिलेला नाही’ अशा अर्थाचं वाक्य ज्या कागदावर आहे, त्यावर वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नका. मग दुखापत लहान असो की मोठी.

हा कागद अनेक नावांनी येतो: सेटलमेंट, फुल अँड फायनल, पावती, कधी ‘फक्त औपचारिकता’. येतोही अशा वेळी की घरात पैशांची ओढाताण असते. रक्कम एकरकमी असल्यामुळे मोठी दिसते. पण त्यात पुढच्या ऑपरेशनचा खर्च आहे का? हाडात घातलेला स्क्रू दोन वर्षांनी काढायचा असेल तर तो कोण काढून देणार? दुखणं स्थिर झालं आहे, यापुढे फारसं सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय का? ते लिहून येण्याआधी केलेली तडजोड म्हणजे अर्ध्यावर चाललेल्या उपचारांची किंमत ठरवणं.

काही कायद्यांनी कामगाराला इथे आधार दिलाय. कॅलिफोर्नियात अशी तडजोड कामगार भरपाई मंडळाच्या न्यायाधीशाने मंजूर केल्याशिवाय पक्की होत नाही. भारताच्या १९२३ च्या कायद्यात हक्क सोडून देणारा करारच निरर्थक ठरवला होता, आणि एकरकमी तडजोडीची नोंद कामगार भरपाई आयुक्तांकडे करावी लागे. रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकत. त्यामुळे सही करून बसला असाल तरी हात टेकू नका, कागद घेऊन वकिलाकडे जा. मात्र जिथे मंजुरीची अट नाही तिथे सही म्हणजे सही.

कागद पुढे आला की ‘वाचायला घरी नेतो’ म्हणा. नेऊ देत नसतील तर फोटो काढू द्या म्हणा. तोही काढू देत नसतील तर सहीचा प्रश्नच मिटला.

पहिल्या भेटीत

तारखेप्रमाणे लावलेले कागद आणि एका पानावर घटनाक्रम न्या. गोष्टीच्या स्वरूपात सांगू नका, तारखांनी सांगा. वकिलाला विचारा: अशी कामगार भरपाईची किती प्रकरणं तुम्ही सध्या चालवता? माझ्या प्रकरणात कमकुवत काय आहे? फाइल प्रत्यक्षात कोण पाहणार, तुम्ही की ज्युनिअर? मला कळवणार कोण आणि किती दिवसांनी? दुसऱ्या प्रश्नाला ‘काहीच नाही, केस आपलीच’ असं उत्तर आलं तर मी दुसरा वकील पाहीन. प्रत्येक प्रकरणात काहीतरी लंगडं असतंच, आणि ते ज्याला दिसत नाही त्याने कागद वाचलेले नाहीत.

वकीलपत्रावर सही करताना तडजोड करायचे अधिकार त्यात दिलेत का ते वाचा. ‘माझ्या लेखी संमतीशिवाय तडजोड नाही’ ही ओळ घालून घेता येते. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या, मूळ दाखवायला न्या. पुढे वकील बदलावासा वाटला तर फाइल अडकण्याची भीती असते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केलंय की फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. तरी लेखी पत्र देऊन, पोच घेऊनच बदला.

आणि वकील करायचा नाही असं ठरवलंत, तर फाइलच्या पुठ्ठ्यावर आतून तीन ओळी लिहून ठेवा: दाव्याची मुदत संपण्याची तारीख, तिच्या साठ दिवस आधीची तारीख, आणि पुढच्या तपासणीची तारीख. मधल्या तारखेला फाइल पुन्हा उघडायची, हात वर जातोय का ते पाहायचं, आणि सुरुवातीचे दोन प्रश्न स्वतःला परत विचारायचे.